तीन घागरी

"चाची, कुठून आली?" असे कोणी विचारले की मेहरूनचाची म्हणत, "घरून." आणि "आता कुठं चालली?" याला उत्तर होते, "घरी." विचारणारी हसून आणखी काही बोलणार, एवढ्यात डोक्यावरची बांगड्यांची टोपली ओसरीवर टेकवत त्या पुढचे वाक्य पुरे करीत, "मंधातलं काऊन इचारतं वं माय? मंधात रस्ताच असते." हे उत्तर मी जवळजवळ वीस वर्षे ऐकले. पहिली काही वर्षे ते मला एका वृद्ध बाईची गंमत वाटत होते. ते एका शास्त्राचे पहिले सूत्र आहे, हे कळायला मला फार उशीर लागला. माझ्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी उशिराच झाल्या आहेत.

नांदुरा तालुक्यातील एका गावच्या शाळेत मी इतिहास आणि संस्कृत शिकवीत असे. चाची आसपासच्या दहा गावांत पायी फिरून बांगड्या भरीत. बांगडी चढवण्यापूर्वी त्या समोरच्या बाईचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून काही क्षण नुसत्या बसून राहत. नजर दुसरीकडे, बहुधा अंगणातल्या कोंबड्यांवर. मग अंगठ्याच्या मुळाशी हलके दाबून, हाडे एकमेकांवर सरकवून, त्या मापाने लहान वाटणारी बांगडी अशी चढवीत की हाताला कळतही नसे. पण ते काही क्षण केवळ मापाचे नव्हते. कोण उपाशी आहे, कोणाला दिवस गेले आहेत, कोणाचे मनगट कोणी पिरगाळले आहे, हे सारे त्यांना त्यात समजे. "तोंडाले बोलाची सवय असते, म्हनून थे खोटं बोलते," त्या म्हणत. "हाताले कोनं बोलाले शिकवलं?" जे समजले, ते मात्र त्या दुसऱ्या उंबरठ्यावर कधी नेत नसत.

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय होता प्राचीन भारतीय युद्धनीतीतील हेरव्यवस्था. शिक्षकांच्या खोलीत यावर पुष्कळ हसणे झाले. एका सहकाऱ्याने तर विचारले, "मॅडम, तुम्ही पालकसभेत उभ्या राहत नाही, हेरांच्या मागे कुठं लागता?" त्यात खोटे काही नव्हते. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो. प्रभारी मुख्याध्यापिकेची खुर्चीसुद्धा माझ्याकडे सेवाज्येष्ठतेने आली होती, कर्तृत्वाने नव्हे. सुटीच्या दिवशी दुपारी ओसरीवर पुस्तके पसरून मी टिपणे काढीत असे. तिथेच एकदा चाचींनी विचारले, "एवढं काय लिहून राह्यली, बाई?"

मी सांगितले. जुन्या राजांचे हेर कोणकोणत्या वेषांत शत्रूच्या प्रदेशात शिरत, याची यादी त्यांना वाचून दाखवली. संन्यासी, व्यापारी, विद्यार्थी, स्वयंपाकी, न्हावी, भिक्षुणी. चाचींनी सगळे ऐकून घेतले.

"बांगड्यावाली नाई त्यात?"

"मी वाचलेल्या याद्यांत तरी नाही."

"मंग लिहनारा गडीमानूस असन," त्या शांतपणे म्हणाल्या. "पलटनीची सारी भानगड पलटनवाल्याच्या बायकोले मालूम असते. तिचा हात धराले तुह्या राजाकडे मानूसच नाई."

त्या दिवसापासून आमचे एक वेगळेच अध्ययन सुरू झाले. शत्रूचे सैन्य कधी निघणार, हे हेराने कसे ओळखावे, असे मी विचारले की त्या मागचेपुढचे आठवत म्हणत, "गडी लांब निघाचा असला का बाई आधी दळून ठेवते. जात्याचा आवाज रोजच्यापेक्षा दोन दिवस जास्त आला, का समजून घ्याव. तलवारीले धार लावन्याच्या आधी दळन असते, बाई." दोन्ही पक्षांकडून वेतन घेणाऱ्या हेराविषयी त्यांचे मत होते, "दोन घरचं खानाऱ्याचं पोट भरते, पन त्याच्यावर भरोसा कोनीच करत नाई. मंग त्याची खरी गोष्टबी वाया जाते." जात्याचे निरीक्षण मी प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यात घातले. माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली लाल शाईने दोन शब्द लिहिले, "संदर्भ कुठला?" ते वाक्य मला गाळावे लागले. आजही त्याची रुखरुख आहे.

प्रबंधातील ज्या प्रकरणाचा मला सर्वांत अभिमान होता, ते तीन हेरांच्या नियमाचे होते. एका हेराच्या बातमीवर राजाने पाऊल उचलू नये. परस्परांना न ओळखणाऱ्या तिघांनी एकच बातमी आणली, तरच ती खरी मानावी. हा नियम मला इतका निर्दोष वाटे की तो केवळ राजांनी वापरला याचेच मला आश्चर्य होते. पुढे तो मी वापरला.

आमच्या शाळेत मुलांची खिचडी विमल नावाची एक बाई शिजवीत असे. अंगाने किरकोळ, स्वभावाने अबोल. नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि घर तिच्या या कामावर चालणारे. एका सोमवारी गिरणीवाली मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "मॅडम, इमल शाळेतला तांदूळ पदराखाली घरी नेते, तुमाले मालूम हाय का?" मी लक्ष दिले नाही. मंगळवारी आमच्या शिपायाची बायको तेच सांगून गेली. बुधवारी सातवीतल्या एका मुलीची आई खास शाळेत आली आणि आवाज खाली करून तेच म्हणाली. तिघींचे एकमेकींकडे येणे-जाणे नव्हते. मी स्वतः दोनदा विमलला संध्याकाळी पदराखाली गाठोडे घेऊन जाताना पाहिले होते. तीन हेर, एक बातमी, आणि वर प्रत्यक्ष दर्शन. गुरुवारी शाळेतून आल्यावर मी शाळा समितीला पत्र लिहिले. विमलला कामावरून दूर करावे, अशी शिफारस. शुक्रवारी दुपारी चारला सभा होती, तिथे ते द्यायचे होते. चार माणसांत बोलता न येणाऱ्या मला कागदावर कठोर होणे किती सोपे गेले, हे आठवले की मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी सकाळची शाळा होती. बारा वाजता मी घरी आले तेव्हा चाची ओसरीवर टेकल्या होत्या. माझी एक बांगडी फुटली होती, ती बदलायला त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला. नेहमीपेक्षा अधिक वेळ घेतला.

"हात आखडला हाय तुह्या. काय लिहलं?"

"प्रबंधाचंच."

"थे तं तू रोज लिहतं. रोजचा हात असा नसते. हा कोनाले तरी मारून आलेला हात हाय."

मी सगळे सांगितले. पत्रही दाखवले. त्यांना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला.

"तिघींनं पाह्यलं का आइकलं?"

"ते मी विचारलं नाही."

"इमलले इचारलं?"

"संशयिताला आधी विचारलं तर तो सावध होतो, चाची. ग्रंथांत तसंच आहे."

"थे राजाले असन. तुह्यी शाळा हाय का किल्ला?"

विमलच्या घरी चाची बांगड्या भरायला जातात, हे मला माहीत होते. तेव्हा मी विचारले, "तुम्हाला ठाऊक असेल, चाची. तिच्या गाठोड्यात काय असतं?"

त्यांचा चेहरा मी तेव्हा प्रथमच अवघडलेला पाहिला. एका घरचे दुसऱ्या घरी सांगायचे नाही, या नियमावर त्यांचे सारे आयुष्य उभे होते. त्याच नियमाने चाची त्या घटकेला एका गरीब बाईचे काम जाऊ देणार होत्या. त्या बराच वेळ कोंबड्यांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सांगनार नाई. आज तुले इमलचं सांगतलं, तं उद्या तुह्यं कोनाले सांगीन याचा काय भरोसा? ऊठ. टोपली उचल."

"मी?"

"मंग कोन? हेराचं एवढं मोठं पुस्तक लिहून राह्यली, अन् दोन घरं फिराले लाजते. चाल. तू तं तशीबी बोलत नाई. मी बोलीन, तू आइक."

एका गावच्या मुख्याध्यापिकेने भरदुपारी बांगड्यांची टोपली काखेला लावून फिरणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. पहिली आमच्या शिपायाची बायको. मला टोपलीसह पाहून ती इतकी गोंधळली की तिने आधी मला पाणी दिले आणि मग चाचींना विचारले, "मॅडमले काय झालं वं?"

"काही नाई. चाचीचे गुडघे गेले म्हनून मदत करून राह्यली. दे हात."

तिचा हात हातात घेऊन चाची पावसाचे बोलल्या, सुनेचे बोलल्या, आणि तिसरी बांगडी अंगठ्यावरून सरकत असताना, जणू बांगडीशीच बोलत असल्यासारख्या, म्हणाल्या, "इमलचं काय आइकलं वं? तू पाह्यलं का?"

"मी कायले पाहू? सुमनकाकूनं सांगतलं."

गिरणीवालीने पीठ झटकून हात पुढे केला. तिलाही सुमनकाकूनेच सांगितले होते, दळण आणले तेव्हा. मुलीच्या आईने तर मोठ्या अभिमानाने सांगितले की सुमनकाकूने शपथ घालून फक्त तिलाच सांगितले आहे. सुमनकाकू म्हणजे शाळेसमोरच्या घरातील बाई. खिचडीचे काम आपल्या जावेला मिळावे, म्हणून तिने मागल्या वर्षी माझ्याकडे दोन खेपा घातल्या होत्या. मी ते विसरले होते.

तिसऱ्या घरातून बाहेर पडताना माझ्या काखेतली टोपली मला फार जड वाटू लागली. चाचींनी वळून पाहिलेसुद्धा नाही. पुढे चालता चालता त्या म्हणाल्या, "तीन घागरी दारात आल्या म्हनून तीन इहिरी होत नाई, बाई. घागर मोजू नये. पानी कुठलं थे इचाराव."

पावणेतीनला आम्ही शाळेत पोचलो. सभेची खोली झाडायला थांबलेली विमल उशिरा भांडी घासून निघण्याच्या तयारीत होती. पदराखाली गाठोडे होते. चाची बाहेर कडुनिंबाखाली थांबल्या. मी विमलसमोर उभी राहिले आणि आयुष्यात प्रथमच जे विचारायचे ते सरळ विचारले. "विमल, यात काय असतं?"

तिने गाठ सोडली. आत पातेल्याच्या तळाची खरवड होती. करपलेली, काळी, घासून काढलेली. "कोंबड्याईले नेतो, मॅडम," ती म्हणाली. "फेकाचंच असते. नेऊ नये का?"

"ने," मी म्हणाले.

पत्र मी कडुनिंबाखालीच फाडले. चाचींनी ते तुकडे माझ्याकडून मागून घेतले आणि बांगड्यांच्या काचा जिथे टाकीत त्या पिशवीत टाकले. मी म्हणाले, "मी विमलला सगळं सांगून तिची माफी मागते." त्यांनी मान हलवली. "सांगशीन तं तुह्यं मन हलकं होइन, तिचं जड होइन. ज्या गावात रोज उठून खिचडी शिजवाची, त्या गावानं आपल्याले चोर म्हनलं होतं, हे तिनं काऊन डोक्यावर घेऊन फिराव? तुह्यं ओझं हाय, तू वाह्य." सभेत मी खिचडीचा विषय निघाल्यावर उभी राहिले. काम उत्तम चालले आहे, आणि तळाची खरवड कोंबड्यांसाठी नेण्यास माझी परवानगी आहे, अशी माझ्या नावाने नोंद करवून घेतली. आवाज कापत होता, पण तो घशात राहिला नाही.

एकदा मी चाचींना विचारले की सुमनकाकूच्या घरी त्या अजूनही जातात का. "जातो नं. हात तिलेबी दोन हायेत," एवढेच त्या म्हणाल्या. तिच्याविषयी वाईट शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. चांगलाही ऐकला नाही.

तीन हेरांचे प्रकरण मी पुन्हा मुळापासून लिहिले. ते हेर परस्परांना अपरिचित असावेत, एवढी अट पुरेशी नाही. त्यांच्या बातमीचा उगम एक नाही, याची खात्री करणे हे राजाचे खरे काम आहे. शत्रू चतुर असेल, तर तो एकच खोटी बातमी तीन तोंडांनी पाठवील. हा मुद्दा मी ग्रंथांच्या आधारे मांडला खरा, पण तो मला दिसला कुणामुळे, हे मला ठाऊक होते. म्हणून ऋणनिर्देशाच्या पानावर मी चाचींचे नाव लिहिले आणि त्यांना ते वाचून दाखवले. त्यांना आनंद होईल, असे मला वाटले होते.

"खोड थे," त्या म्हणाल्या.

"का, चाची? तुमच्यामुळे तर..."

"दहा गावच्या बाया मले दार उघडतात. चाचीचं नाव हेराच्या पुस्तकात हाय, असं एकीनं जरी आइकलं, तं दहा गावची दारं बंद. तुह्यं पुस्तक कपाटात राह्यन, बाई. मले उद्या फिराचं हाय."

मी नाव खोडले. येथेही मेहरून हे त्यांचे खरे नाव नाही. विमल आणि सुमनकाकू हीही नावे मी दिलेली आहेत, आणि चाचींचे गाव कोणते ते मी सांगणार नाही.

मौखिक परीक्षेच्या दिवशी पाच विद्वान समोर बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके त्याच प्रकरणावर बोट ठेवले. "तिघांची साक्ष जुळते, तरी तुम्ही ती नाकारता. का?" मग मी डाव्या हाताने माझाच उजवा हात धरला, अंगठ्याच्या मुळाशी, आणि म्हणाले, "तीन घागरी दारात आल्या म्हणून तीन विहिरी होत नाहीत, सर." त्यांनी ते वाक्य आपल्या प्रतीच्या समासात लिहून घेतले आणि विचारले, "हे कुठलं?" मी म्हणाले, "एका जाणकार व्यक्तीचं आहे. नाव सांगण्याची मला परवानगी नाही." ते हसले. हेरव्यवस्थेच्या प्रबंधाला याहून योग्य संदर्भ कोणता, असे काहीसे ते शेजारच्यांना म्हणाले.

चाचींना मी हे सांगितले तेव्हा त्या नुसते "हाव?" म्हणाल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता बरा हाय हात."

मागल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. चार दिवस ताप आला आणि संपले. त्या गेल्याचे मला तिसऱ्या दिवशी कळले. त्यांच्या घराच्या अंगणात चिंचेच्या सावलीत बाया बसल्या होत्या, निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या घरांच्या. काहींच्या डोक्यांवर पदर होते, काहींच्या ओढण्या. चाचींची सून सर्वांना पाणी देत होती. बाया मृताविषयी बोलतात, आठवणी काढतात. तिथे कोणीच काही सांगत नव्हते. प्रत्येकीजवळ सांगण्यासारखे एक होते, आणि ते तिला सांगता येणार नव्हते. मधूनच कोणी पदराने डोळे पुसले की बांगड्या वाजत, तेवढाच आवाज.

एका बाजूला विमल बसली होती. परतताना आम्ही एकाच गाडीत शेजारी बसलो. गाडी सुटल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मॅडम, तसं चाचीनं माह्यासाठी काही केलं नाई. बांगड्या भरल्या तेवढ्याच. पन कायले एवढं रडू येऊन राह्यलं, समजत नाई."

मी तिच्याकडे पाहिले. तिला खरोखरच काही माहीत नव्हते. इतक्या वर्षांत, इतक्या वेळा तिचा हात हातात घेऊनही, चाचींनी तिला एक अक्षर सांगितले नव्हते. माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, आणि तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. भांडी घासून खरबरीत झालेला तो हात थोडा वेळ तसाच राहिला, मग हळूहळू सैल पडला.

आमच्या गावाला जवळ पडणाऱ्या वडनेर भोलजीच्या थांब्यावर आम्ही उतरलो. गिरणीवाली डोक्यावर पिशवी घेऊन समोरून येत होती. आम्हा दोघींना एकत्र पाहून ती थबकली. "मॅडम, कुठून येऊन राह्यल्या?"

"घरून," मी म्हणाले.